१२० नंबरची फिल्म आणखी किती दिवस?

गेल्या जुलै महिन्यांतील पालकसभेंत पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेमागील अंधारखोलीचा विषय निघाला. ही खोली पुष्कळ विद्यार्थ्यांनीं बाहेरूनच पाहिली असेल. दाराला आंतून काळा पडदा, खिडकीला पुठ्ठा, आंत एक जुना एन्लार्जर, तीन तबकें आणि हायपोचा तो कधींहि न जाणारा वास. शाळेला जागेची चणचण आहे, ही गोष्ट कोणी नाकारणार नाहीं. तेव्हां ती खोली मोकळी करून तेथें संगणकांचें सामान ठेवावें, अशी सूचना आली. सूचना रास्त होती, व ती मांडणारे सद्‌गृहस्थ शाळेचे जुने हितचिंतक आहेत. त्यांनीं आम्हांस एकच प्रश्न विचारला : "ही जी मोठी फिल्म तुम्ही मुलांच्या हातीं देतां, ती आणखी किती वर्षें मिळणार आहे? जी वस्तु उद्यां बाजारांतून नाहींशी व्हावयाची, ती शिकविण्यांत मुलांचे शनिवार कां घालवावे?"

त्या दिवशीं आम्हीं दिलेलें उत्तर अगदींच लंगडें होतें. "मिळेल, मिळेल," असें कांहींसें आम्ही पुटपुटलों आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. घरीं आल्यावर मात्र तो प्रश्न मनांतून जाईना. कारण प्रश्न खरा होता आणि उत्तर खरें नव्हतें. सबब येथें तें उत्तर नीट देण्याचें योजिलें आहे. वाचकांनीं आमच्याशीं सहमत व्हावेंच असा आग्रह नाहीं. परंतु खोलीला कुलूप घालण्यापूर्वीं वस्तुस्थिति सर्वांस ठाऊक असावी, इतकीच इच्छा.

फिल्म म्हटली म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढें लहान डबींतील, दोन्ही कडांना भोकें असलेली ३५ मिलिमीटरची फिल्म येते. १२० नंबरची फिल्म तिच्याहून निराळी. तिला डबी नाहीं, भोकें नाहींत. सुमारें सहा सेंटिमीटर रुंद व पाऊण मीटरहून थोडी अधिक लांब अशी ही पट्टी एका टोकाशीं काळ्या कागदाला चिकटवून, कागदासह फिरकीवर गुंडाळलेली असते. उजेडापासून तिचें रक्षण करणारा काय तो हा कागद. कागदाच्या पाठीवर आकडे छापलेले असतात व साध्या कॅमेऱ्यांच्या पाठीस असलेल्या तांबड्या खिडकींतून ते दिसतात. एकाचा आकडा दिसला कीं पहिलें चित्र घ्यावें, दोनाचा दिसला कीं दुसरें. चौरस चित्रें घेणाऱ्या कॅमेऱ्यांत एका रोलवर बारा चित्रें बसतात. या चौरसाची बाजू ५६ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरील चित्र २४ गुणिले ३६. क्षेत्रफळ किती पट होतें तें गणिताच्या विद्यार्थ्यांनीं स्वतःच काढावें. साडेतीनपटींहून अधिक भरेल. चित्र मोठें करून भिंतीवर लावावयाचें झाल्यास या फरकाचें मोल कळतें.

ईस्टमन कोडॅक कंपनीनें १९०१ सालीं आपल्या 'नंबर २ ब्राउनी' नांवाच्या पुठ्ठ्याच्या पेटी-कॅमेऱ्यासाठीं ही फिल्म काढली. म्हणजे तिनें सव्वाशें वर्षें ओलांडलीं. तिच्या मागून आलेल्या भावंडांची गत पाहण्याजोगी आहे. तीच फिल्म बारीक फिरकीवर गुंडाळून काढलेली ६२० नंबरची फिल्म १९९५ मध्यें बंद झाली. दुप्पट लांबीची २२० नंबरची १९६५ सालीं आली. तीहि आतां क्वचितच दृष्टीस पडते. थोरली बहीण मात्र हिंडती-फिरती आहे.

आमच्या देशांत तिचें राज्य पुष्कळ वर्षें होतें. 'ॲग्फा क्लिक' नांवाचा स्वस्त कॅमेरा ज्यांच्या घरीं होता अशीं घरें गांवोगांव होतीं, व लग्नसमारंभांत दोन भिंगांचा याशिका किंवा रोलायकॉर्ड गळ्यांत अडकवून, खालीं मान घालून कॅमेऱ्याच्या डोक्यांतील काचेंत पाहणारा छायाचित्रकार ही तर मांडवांतील ठरलेली मूर्ति. विद्यार्थ्यांनीं आपल्या आजीआजोबांच्या लग्नाचे आल्बम काढून पाहावे. चौरस चित्रें असतील तर तीं बहुधा याच फिल्मवरचीं. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या होमाई व्यारावाला, ज्यांस या देशांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून मान मिळाला, त्यांच्या हातांतहि रोलायफ्लेक्स असे, व स्वातंत्र्याच्या काळांतील कित्येक प्रसंग त्यांनीं टिपले.

होमाईबाई १५ जानेवारी २०१२ रोजीं निवर्तल्या. आणि चारच दिवसांनीं, १९ जानेवारीस, कोडॅक कंपनीनें अमेरिकेंतील न्यायालयांत दिवाळखोरीचा अर्ज केला. हा निव्वळ योगायोग, त्यांतून कांहीं अर्थ काढूं नये हें आम्ही जाणतों. तथापि त्या आठवड्यांत फिल्मवर प्रेम करणाऱ्यांस एकाच घरांत दोन सुतकें आल्यासारखें वाटलें असल्यास नवल नाहीं.

वास्तविक घरास आग पूर्वींच लागली होती. ज्या डिजिटल कॅमेऱ्यानें कोडॅकला बुडविलें, तसला पहिला कॅमेरा त्याच कंपनींतील स्टीव्हन सॅसन या अभियंत्यानें १९७५ सालीं बनविला होता. पुढें तें यंत्र घरोघर शिरलें, मग टेलिफोनमध्यें शिरलें आणि फिल्मच्या कारखान्यांस एकामागून एक टाळीं लागूं लागलीं. इंग्लंडांतील इल्फर्ड २००४ मध्यें कर्जदारांच्या ताब्यांत गेली. जर्मनींतील ॲग्फाफोटो २००५ मध्यें दिवाळखोर झाली. ७४ वर्षें चाललेली कोडाक्रोम २००९ मध्यें थांबली, व ती धुण्याचें जगांतील शेवटचें ठिकाण, कॅन्सस संस्थानांतील एका लहानशा गांवांतलें, तेथेंहि २०१० च्या अखेरीनंतर नवे रोल घेणें बंद झालें. आमच्याकडे निलगिरींत उदकमंडलम् येथें सरकारनें १९६० सालीं हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. 'इंदू' या नांवाचे त्याचे कागद, एक्स-रे फिल्म व कृष्णधवल फिल्म जुन्या छायाचित्रकारांस आठवत असेल. २०१४ मध्यें केंद्र सरकारनें तोहि बंद करण्याचा निर्णय घेतला. तेव्हांपासून या देशांत वापरला जाणारा प्रत्येक रोल परदेशांतून येतो.

इतकें वाचून त्या सद्‌गृहस्थांचें म्हणणें खरें, असें कोणी म्हणेल. परंतु गोष्ट येथें संपत नाहीं.

इल्फर्डच्या व्यवस्थापकांनीं व जुन्या माणसांनीं मिळून २००५ सालीं तो व्यवसाय विकत घेतला, आणि १८७९ सालीं ही पेढी स्थापणाऱ्या आल्फ्रेड हार्मन याचें नांव आपल्या नव्या कंपनीला दिलें. चेशायरमधील मॉबर्ली येथें ते आजहि कृष्णधवल फिल्म करतात. इतकेंच नव्हे तर ज्या कारखान्यानें रंगीत फिल्म कधीं बनविली नव्हती त्यानें २०२३ च्या डिसेंबरांत 'फीनिक्स' नांवाची रंगीत फिल्म काढली व पुढच्या वर्षीं ती १२० नंबरांतहि आणली. चेक देशांतील फोमा ही कंपनी १९२१ पासून आहे व अद्यापि कमी किंमतींत चांगला माल देते. कोडॅकनें बंद केलेली एक्टाक्रोम २०१८ मध्यें परत आली व पाठोपाठ १२० नंबरांतहि मिळूं लागली. २०२२ मध्यें कोडॅकचीच 'गोल्ड' ही साधी रंगीत फिल्मसुद्धां या आकारांत आली. अमेरिकेंतील रॉचेस्टरच्या कारखान्यानें २०२४ च्या नोव्हेंबरांत कांहीं आठवडे काम थांबविलें तेव्हां इकडे अनेकांची छाती धडधडली. पण तें थांबविणें यंत्रें सुधारण्यासाठीं होतें. मरूं घातलेल्या माणसास कोणी नवा कोट शिवीत नाहीं.

तेव्हां "उद्यां नाहींशी होणार" हें म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु "मिळेल, मिळेल" हें आमचें उत्तरहि तितकेंच उथळ होतें, कारण भीतीचें खरें कारण निराळेंच आहे आणि तें समजून घेण्याजोगें आहे.

फिल्म ही एक वस्तु दिसते. प्रत्यक्षांत ती दहा-बारा धंद्यांची सांखळी आहे. जनावरांच्या हाडांपासून व कातड्यांपासून काढलेलें अत्यंत शुद्ध जिलेटिन हवें, चांदी हवी, चांदीच्या क्षारांचे कण एकसारखे वाढविणारे कुशल रसायनज्ञ हवेत, ज्यावर हा थर द्यावयाचा तो ॲसिटेटचा पारदर्शक पत्रा हवा, आणि हें सर्व काळोखांत, धुळीचा कणहि नसलेल्या जागीं, केसाहून पातळ थरांत पसरणारें अवाढव्य यंत्र हवें. हीं यंत्रें ज्या काळीं बांधलीं त्या काळीं जगांतील प्रत्येक चित्रपटगृहाला, प्रत्येक दवाखान्याला व प्रत्येक सहलीला फिल्म लागत असे. तीं थोड्या मालासाठीं चालवितांच येत नाहींत. लग्नाच्या पंगतीसाठीं घडविलेल्या पातेल्यांत एका माणसाची खिचडी शिजविण्यासारखें तें होतें; जळण तेवढेंच लागतें.

आतां १२० नंबरच्या फिल्मची अडचण पाहा. पुष्कळांस वाटतें कीं, जोंवर ३५ मिलिमीटरची फिल्म निघते तोंवर हीहि निघेल; मोठ्या पत्र्यांतून थोडी रुंद पट्टी कापली म्हणजे झालें. तसें नाहीं. उदाहरणार्थ, इल्फर्डची एच. पी. ५ प्लस ही फिल्म ३५ मिलिमीटरसाठीं ०·१२५ मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर असते व १२० साठीं ०·११० मिलिमीटर जाडीच्या. कारण उघड आहे; कागदासह गुंडाळावयाची पट्टी पातळच पाहिजे. म्हणजे रसायन तेंच असलें तरी पत्रा वेगळा, आणि थर देण्याचें काम दोनदां.

त्याहून नाजूक प्रश्न त्या काळ्या कागदाचा. चार पैशांचा दिसणारा हा कागद असा पाहिजे कीं त्यांतून प्रकाशाचा किरण जाऊं नये, तो ठराविक जाडीहून जाड असूं नये, गुंडाळतांना फाटूं नये, आणि वर्षानुवर्षें फिल्मला घट्ट चिकटून राहूनहि त्याच्या शाईचा किंवा घटकांचा फिल्मवर परिणाम होऊं नये. कांहीं वर्षांपूर्वीं एका मोठ्या कारखान्याच्या रोलांवर कागदावरील आकडे व अक्षरें चित्रांतील आकाशांत उमटल्याच्या तक्रारी जगभर झाल्या. आमच्याच एका विद्यार्थ्यानें काढलेल्या नदीच्या चित्रांत ढगांच्या मधोमध फिकट आकडा आला होता, व तो देखावा कोणत्या किलोमीटरावरचा आहे असें त्याला वर्गांत विचारण्यांत येई. असला कागद दुसऱ्या कोणत्याहि धंद्याला लागत नाहीं. तो बनविणारी गिरणी थोडा माल बनवून देत नाहीं, व फिल्म करणाऱ्याला पुष्कळ माल परवडत नाहीं. राजवाडा खिळ्यासाठीं अडून राहावा तशांतला हा प्रकार आहे.

रसायनांचेंहि तसेंच. रंगीत फिल्मला लागणारीं कित्येक द्रव्यें फिल्मखेरीज अन्यत्र कोठें लागत नाहींत. जपानांतील फुजी कंपनीनें लग्नाच्या छायाचित्रकारांची लाडकी प्रो ४०० एच ही फिल्म २०२१ च्या प्रारंभीं बंद केली. गिऱ्हाईक नव्हतें म्हणून नव्हे, तर लागणारा कच्चा माल मिळेनासा झाला म्हणून. याच कंपनीची ॲक्रॉस ही कृष्णधवल फिल्म २०१८ मध्यें बंद झाली व छायाचित्रकारांच्या आग्रहावरून २०१९ मध्यें नव्या रूपानें परत आली. पण ती आतां जपानांत नव्हे, ब्रिटनमध्यें तयार होते. नांव एकाचें, भट्टी दुसऱ्याची. दुकानांत मांडलेल्या डब्यांचे रंग मोजून कारखाने किती हें ठरवूं नये. डबे पुष्कळ आहेत, थर देणारीं यंत्रें थोडीं आहेत.

आणखी एक आधार बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं, तो सिनेमाचा. रॉचेस्टरचें मोठें यंत्र मुख्यतः चित्रपटांच्या फिल्मवर जगलें आहे. २००६ ते २०१४ या आठ वर्षांत कोडॅकची सिनेमाची फिल्म शेंकडा ९६ नीं घटली व फुजीनें तर २०१३ मध्यें तो माल बनविणेंच सोडलें. तेव्हां कांहीं नामांकित दिग्दर्शकांनीं रदबदली केली आणि २०१५ मध्यें हॉलिवुडच्या मोठ्या चित्रसंस्थांनीं कोडॅकशीं फिल्म घेत राहण्याचे करार केले. २०२३ सालीं गाजलेल्या 'ओपनहायमर' या चित्रपटासाठीं तर पूर्वीं कधीं नव्हती अशी ६५ मिलिमीटरची कृष्णधवल फिल्म मुद्दाम तयार करण्यांत आली. म्हणजे आमच्या अंधारखोलींतील मुलाला रंगीत रोल मिळावा कीं न मिळावा, हें पुष्कळ अंशीं दूर देशींच्या दहा-पांच दिग्दर्शकांच्या हट्टावर अवलंबून आहे. ही स्थिति सुखाची नाहीं. पण ती तशी आहे.

एकदां सांखळी तुटली म्हणजे काय होतें, याचा दाखला पोलरॉइडचा. क्षणांत चित्र देणारी ती फिल्म कंपनीनें २००८ मध्यें बंद केली. हॉलंडमधील एन्सखेडे येथील शेवटच्या कारखान्याचीं यंत्रें कांहीं उत्साही मंडळींनीं विकत घेऊन वांचविलीं. यंत्रें होतीं, जुने कामगार होते, जिद्द होती. पण द्रव्यें पुरविणारे धंदे तोंवर मोडून गेले होते. म्हणून सगळें रसायनशास्त्र नव्यानें उभारावें लागलें. २०१० मध्यें त्यांची फिल्म बाजारांत आली तेव्हां तिचे रंग फिके व लहरी होते, आणि ती ताळ्यावर येण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. जें बंद पडलें तें पुन्हां सुरू करणें हें चालू ठेवण्यापेक्षां किती कठीण, तें यावरून दिसतें.

कॅमेऱ्यांची कथा तर याहून वाईट. ३५ मिलिमीटरचे नवे कॅमेरे आतांशा थोडेफार निघूं लागले आहेत. १२० साठीं मात्र प्लास्टिकचीं खेळणीं वगळलीं तर जवळजवळ सर्व भिस्त जुन्या यंत्रांवर. याशिका मॅटचें उत्पादन १९८० नंतरच्या दशकांतच थांबलें. हॅसलब्लाडनें आपली जुनी मालिका २०१३ मध्यें आवरली. शाळेचा दोन भिंगांचा कॅमेरा आम्हीं दुरुस्तीस दिला होता. तो पांच महिन्यांनीं परत आला तेव्हां पूर्वीं नुसता मंद चालणारा पडदा मुळीं उघडेचना, व दुरुस्ती करणारे म्हणाले, "असेल तो भाग आतां येत नाहीं." शेवटीं एका वृद्ध कारागिरानें दुसऱ्या मोडक्या कॅमेऱ्याचा भाग काढून तो चालू करून दिला. त्यांच्या हाताखालीं शिकणारें कोणी नाहीं. फिल्म राहील व ती घालावयास चालतें यंत्र राहणार नाहीं, ही शंका आम्हांस फिल्म संपण्याच्या शंकेहून अधिक खरी वाटते.

तर मग खोली कां राखावी?

येथें आम्ही प्रथमच सांगून टाकतों कीं, फिल्मवरील चित्र नेहमीं सरस असतें असें आमचें म्हणणें नाहीं. बारा चित्रांच्या मर्यादेमुळें मुलें काटकसर शिकतात, विचार करून चित्र घेतात, असेंहि पुष्कळ म्हटलें जातें. त्यांत तथ्य आहे; पण तेवढ्यासाठीं एवढा खटाटोप नको; मोबाइलवर दिवसाला बाराच चित्रें घ्या असें सांगितलें तरी काम भागेल. खर्चाचें म्हणणें तर आम्ही पूर्णपणें मान्य करतों. रंगीत रोल घ्यावयाचा, बाहेर धुवून घ्यावयाचा व चित्रें करवून घ्यावयाचीं म्हटलें, तर बारा चित्रांमागें हजार रुपयांवर सहज जातात. एवढें करून एका प्रयोगशाळेनें आमची पट्टी दोन चित्रांच्या मधून न कापतां एका चित्राच्या मधून कापून परत पाठविली. त्या चित्रांत मुख्याध्यापक उभे होते, हें येथें नमूद करण्यास हरकत नाहीं. रंगीत फिल्म शाळेला झेपणारी नाहीं. तिची धुलाई ३८ अंशांच्या आसपास, अर्ध्या अंशाचाहि फार फरक न होऊं देतां करावी लागते, व तिचें भवितव्यहि वर सांगितल्याप्रमाणें दुसऱ्यांच्या मर्जीवर आहे. तो नाद शाळेनें सोडावा.

कृष्णधवल फिल्मची गोष्ट अगदीं भिन्न आहे. तिचें रसायनशास्त्र एका माध्यमिक शाळेच्या आवांक्यांतलें आहे. डी-७६ हा डेव्हलपर १९२७ पासूनचा. त्याचा पाठ छापील व सर्वांस खुला आहे. मेटॉल, सोडियम सल्फाइट, हायड्रोक्विनोन व टांकणखार तराजूंत मोजून आमचे नववीचे विद्यार्थी तो स्वतः करतात. त्याला २० अंशांचें पाणी लागतें आणि मे महिन्यांत आमच्या नळाचें पाणी ३० च्या वर असतें. तेव्हां तपेलींत बर्फ घालून, तापमापक धरून, वेळ व उष्णता यांचें नातें मुलांस जसें समजतें तसें फळ्यावर समजत नाहीं. वापरलेल्या हायपोंत चांदी उतरते हें त्यांस प्रत्यक्ष दाखवितां येतें, आणि म्हणूनच तो मोरींत ओतूं नये हेंहि पटतें.

शिवाय, उद्यां सर्व कारखाने बंद झाले असें क्षणभर धरून चालूं. रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरनें १८७१ सालीं जिलेटिनचा उपयोग सुचविला. त्याच मार्गानें जिलेटिन, पोटॅशियम ब्रोमाइड व सिल्व्हर नायट्रेट एवढ्या द्रव्यांवर, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, कांचेवर किंवा कागदावर स्वतः थर देऊन चित्र घेतां येतें. तें मंद असेल, डागाळलेलें असेल. पण चित्र होईल. रंगीत फिल्म कारखान्याबरोबर मरेल. कृष्णधवल छायाचित्रण, जोंवर कोणास तें येत आहे तोंवर, मरणार नाहीं. म्हणून त्या सद्‌गृहस्थांच्या प्रश्नाचें आमचें उत्तर असें : रंगीत रोल किती वर्षें मिळेल याची हमी कोणी देऊं नये, कृष्णधवल रोल आज विद्यालयांत असलेलीं मुलें मोठीं होईपर्यंत मिळण्याचा संभव पुष्कळ आहे, आणि न मिळाल्यास अंधारखोली निरुपयोगी होईल असें नव्हे, उलट तेव्हांच तिची गरज अधिक भासेल.

दुसरें कारण कपाटांतल्या एका डब्याचें. दोन वर्षांपूर्वीं अंधारखोली झाडतांना बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सांपडला. त्यांत १२० नंबरच्या फिल्मच्या निगेटिव्ह होत्या. एकीवर १९७१ सालच्या अकरावीच्या वर्गाचा समूह. मुलांनीं ती खिडकीशीं धरली, तेव्हां उलट्या छायाप्रकाशांतहि चेहरे ओळखतां येत होते. त्याच शनिवारीं तिच्यावरून कागदावर चित्र काढलें, व तें पाहून सातवींतील एका मुलीचे आजोबा दुसऱ्या रांगेंत स्वतःस शोधूं लागले. त्याच कपाटांत २००९ सालच्या क्रीडामहोत्सवाचीं शेंकडों चित्रें साठविलेली एक हार्ड डिस्क आहे. ती संगणकाला जोडली कीं टक्‌ टक्‌ असा आवाज करते आणि कांहीं दाखवीत नाहीं. जाणत्यांकडे नेली; त्यांनीं सांगितलेला खर्च शाळेला पेलणारा नव्हता. त्या वर्षींच्या विजेत्यांस आतां आपलें बक्षीस आठवावें लागेल, पाहतां येणार नाहीं.

निगेटिव्ह अमर आहे असा याचा अर्थ नव्हे. त्याच डब्यांतील पांच-सहा पट्ट्या एका पावसाळ्यांत बुरशीनें खाल्ल्या होत्या, व जुन्या ॲसिटेटला दमट हवेंत आंबट वास सुटून तो आक्रसतो, हेंहि सर्वत्र अनुभवास आलेलें आहे. परंतु जी वांचली ती पाहण्यास खिडकीखेरीज दुसरें कांहीं लागलें नाहीं. पालकांस आमची विनंति आहे कीं, घरांत अशा निगेटिव्ह असल्यास रद्दीबरोबर त्या देऊं नयेत. कागदी पाकिटांत, कोरड्या जागीं ठेवाव्या. छाप काढून पाहिजे असल्यास आमच्याकडे आणाव्या.

आतां करावयाचें काय? कांहीं लोक भीतीनें फिल्मचे ढीग विकत घेऊन शीतपेटींत भरून ठेवतात. त्यानें कारखाना जगत नाहीं. एका वर्षीं मागणी फुगते, दुसऱ्या वर्षीं ओसरते, आणि थोड्या पण नियमित मालावर चालणाऱ्या धंद्यास असला झोका सोसत नाहीं. शाळेनें दर सहामाहीस सहा कृष्णधवल रोल घ्यावे, अधिक नको; मुदत संपण्यापूर्वीं ते वापरावे; आणि दरवर्षींच्या दहावीचा समूह मोबाइलबरोबरच १२० नंबरच्या फिल्मवरहि घ्यावा. खर्च स्नेहसंमेलनाच्या मांडवाच्या झालरींहून कमी येईल. जागेच्या अडचणीचें म्हणाल तर संगणकांच्या सामानाचे खोके एन्लार्जरच्या मेजाखालीं ठेवण्यास आमची हरकत नाहीं. फक्त हायपोची बाटली त्यांच्यावर ठेवूं नये.

हा विषय येत्या जूनमध्यें समितीपुढें पुन्हां येणार आहे. ज्या पालकांचें मत आमच्या विरुद्ध असेल त्यांनीं तें अवश्य कळवावें, आणि शक्य तर त्यापूर्वीं एखाद्या शनिवारीं दुपारीं खोलींत येऊन जावें. सध्यां कपाटांत चार रोल आहेत. नव्या वर्षांतील पहिला रोल भरण्याचें काम आठवीच्या विद्यार्थ्यांकडे दिलें आहे. त्यांस एकच सूचना : रोल संपल्यावर कॅमेऱ्यांत जी रिकामी फिरकी उरते, ती टाकून देऊं नये. पुढचा रोल तिच्यावरच गुंडाळावयाचा असतो. गेल्या वर्षीं ती कोणी भोंवरा म्हणून घरीं नेली, आणि तीन शनिवार आम्ही नुसते बसून होतों.